चाचींच्या फोनातलं तुमचं पुस्तक

उस्ताद, तुमचं पुस्तक मी फोनवर वाचता येईल असं केलं आणि त्यात चुकलो. चूक तुमच्याखेरीज कोणाला कळायची नाही, म्हणून तुम्हालाच लिहितोय.

औरंगपुऱ्यातल्या छापखान्यात तुम्ही स्वतः शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापलेल्या तुमच्या आठवणी. मी तिथली नोकरी सोडून गेल्यानंतर छापलेल्या. तुमच्या मागं घरात चाचींकडं एकच प्रत उरली होती. ती मी अक्षरन् अक्षर टाइप केली. फोनवर उघडली, तर ओळीतली जागा संपली की फोनातलं सॉफ्टवेअर शब्द वाटेल तिथं तोडतंय. ‘कारखा-’ वर, ‘न्यात’ खाली. मला तो दिवस आठवला. मी कन्नडहून नवाच आलेला, पंचविशीतला, आणि असाच एक शब्द तोडून ओळ भरलेली. तुम्ही चष्मा कपाळावर सारलात, अख्खा परिच्छेद मोडायला लावलात. “वाचणारा आपल्या मर्जीनं थांबंल मियाँ, तू कौन होता है रोकनेवाला?” नऊ ओळी पुन्हा जुळवताना लई राग आला होता. पण त्यानंतर माझ्या हातून शब्द तुटला नाही.

म्हणून मी प्रत्येक पानाचं चित्रच करून टाकलं. चित्रातला शब्द कोण तोडणार? ओळ न् ओळ तुमच्या छापील पानाबरहुकूम. चाचींना पाठवलं, त्या म्हणाल्या, “बहोत अच्छा हुआ बेटा.” मी खुशीत.

दोन महिन्यांनी छावणीत त्यांच्याकडं गेलो. खिडकीपाशी बसून त्या तेच वाचत होत्या. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. अक्षर मोठं केलं की चित्र पडद्याबाहेर जातं. मग ओळ वाचायला पान बोटानं डावीकडं ओढायचं, पुढच्या ओळीसाठी परत उजवीकडं. दोन महिन्यांत सातवं पान. “बोलल्या का नाही?” विचारलं, तर म्हणाल्या, “तेरी इतनी मेहनत, कैसे बोलती?” ती चित्रं मी तुमच्यासाठी केली की माझ्या ऐटीसाठी, हे अजून मला नीट सांगता येत नाही.

घरी येऊन चित्रांऐवजी टाइप केलेली अक्षरंच ठेवून सगळं मोकळं केलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या फोनात घालून दिलं. चाचींनी अक्षर एवढं वाढवलं की ओळीत जेमतेम तीन शब्द. जिकडंतिकडं तुटलेलं. मी मान खाली घातली. त्या मोठ्यानं वाचत सुटल्या, कुठं अडखळल्या नाहीत.

“चाची, शब्द तुटतायत.”

“टूटने दे. तेरे उस्ताद की आधी-अधूरी बातां मैं जिंदगीभर जोडतीच आयी.”

मग ते पान आलं. ‘कन्नडचा एक जण होता, त्याचा हात माझ्यापेक्षा साफ.’ तोंडावर तुम्ही हे कधी म्हणाला नाहीत. टाइप करताना मी ते पहिल्यांदा वाचलं होतं. चाचींनी वर पाहिलं. “ये तू है ना?” मी पाणी प्यायला उठलो.

लोकांना मी सांगतो, सगळं माझं मी शिकलो. कॉम्प्युटरपुरतं ते खरं आहे. तुमचा विषय मी काढत नाही.

हे पत्र कुठं जाणार नाही, तेव्हा आणखी एक सांगून टाकतो. पुस्तक मोकळं सोडलं, पण त्या एका वाक्याला मी आतून खूण घालून ठेवलीय. चाचींनी अक्षर कितीही वाढवलं तरी त्यातला शब्द तुटत नाही. त्यांना हे सांगितलेलं नाही.