कोपऱ्याच्या बुरुजावर जागा नाही

१ जुलै १९५७, सोमवार. दुपारी.
आजपासून कादंबरी. ऐतिहासिक. विषय चाकणचा वेढा. निर्णय माझा मी घेतला, कोणाला विचारले नाही.

त्याचे असे झाले. वाचनालयाचे सेक्रेटरी मारुतराव सकाळी वर्गणीला आले होते. म्हणाले, दसरा झाला की सहा ऑक्टोबरला लेखकांचा कार्यक्रम ठेवलाय, 'माझ्या ऐतिहासिक कादंबरीमागील प्रेरणा'. पुण्याच्या सुमनताई येणार आहेत, चार कादंबऱ्या नावावर असलेल्या. पण आपल्या चिंचवडचा एक तरी लेखक शेजारी बसवायला हवा, आणि तो काही सापडत नाही. मी म्हटले, माझी आहे की. ते म्हणाले, काय? मी म्हटले, कादंबरी. छापलीय का, म्हणाले. मी म्हटले, छापण्याच्या बेतात आहे. यात खोटे काही नाही. बेत तेव्हाच झाला.

व्यासपीठावर खुर्ची. पत्रिकेत छापील नाव. मॅट्रिकला मराठीत वर्गात पहिली होते. लग्न झाल्यापासून दूधवाल्याच्या खाड्यांपलीकडे काही लिहिले नाही, आणि तेही कोणी वाचत नाही.

२ जुलै.
यांना सांगितले. हे औषधाच्या कारखान्यात स्टोअरला आहेत, त्यामुळे प्रत्येक वस्तू आहे की नाही ते आधी बघतात. म्हणाले, चाकण पाहिलंयस का? आपल्याला साताऱ्याहून इकडे येऊन दोन वर्षं झाली, आळंदीपुढे आपण गेलेलो नाही. मी म्हटले, इतिहास आतून बघायचा असतो. हे म्हणाले, बरं. यांच्या 'बरं'चा मला राग येतो.

४ जुलै.
मोरयाच्या देवळात जाऊन नवस बोलले. लेखन पुरे होईपर्यंत चहात साखर नाही. नवस माझा असला तरी डबा एकच, त्यामुळे यांनाही नाही. भक्ती आणि काटकसर एकत्र साधत असेल तर देव रागावत नाही.

८ जुलै.
पहिले वाक्य लिहिले. 'खानाच्या फौजेने चाकणला वेढा घातला.' फौजेने की सैन्याने, यावर बराच विचार केला. फौजेने. आजच्यापुरते पुष्कळ झाले. कागद म्हणून यांच्या रद्द पावत्यांची कोरी पाठ वापरते. शाईत थोडे पाणी घातले आहे, पुरवठ्याला येते.

१५ जुलै. संकष्टी.
उपासाच्या दिवशी कादंबरी नको म्हणून भाषण लिहायला घेतले. चार पाने सरसर झाली. कादंबरी आत तयार आहे याचा हा पुरावाच. नाहीतर तिच्या प्रेरणेबद्दल इतके सुचले असते का?

२३ जुलै.
घरमालकीण अंबूबाई पायलीभर आंबेमोहोर घेऊन आल्या. त्यांच्या कानावर गेले आहे. म्हणाल्या, बाई, आमचा म्हातारा हुता त्या किल्ल्यात. माज्या सासऱ्याच्या आज्याचा पणजा. मी म्हटले, काही कागदपत्र? म्हणाल्या, कागुद कशाला, आमी सांगतोय न्हवं?

तांदूळ जुना होता. म्हाताऱ्यांना कोपऱ्याच्या बुरुजावर उभे केले, खानाच्या तोंडासमोर. मानाची जागा. तांदूळ हे मी ऐतिहासिक साधन समजते.

५ ऑगस्ट.
बातमी पसरली. आज जवळच्या माण गावच्या एका घरातून तूप आणि एक पूर्वज. काल रावेतहून काकड्या आणि दोघे सख्खे भाऊ. सगळ्यांना कोपऱ्याचाच बुरूज हवा. मी कोणाला नाही म्हणत नाही, पराक्रमात भेदभाव कसला करायचा?

१४ ऑगस्ट.
चाकणहून हिंदुराव स्वतः बैलगाडी घेऊन आले. मिशा अशा की दारातून आधी त्या आत येतात. कांद्याचे पोते उतरवले. त्यांना नम्रपणे सांगितले की कोपऱ्याच्या बुरुजावर आता जागा नाही, धान्याच्या कोठारापाशी एक चांगली जागा आहे. हिंदुराव म्हणाले, आमचा म्हातारा उंदरं राखीत हुता व्हय? आणि पोत्याच्या तोंडाला हात घातला. कोपऱ्यावर जागा केली.

संध्याकाळी हे म्हणाले, बुरूज केवढा असतो गं? मी म्हटले, पुष्कळ मोठा. हे म्हणाले, एवढी माणसं आणि वर तोफ. तोफ कुठे ठेवणार? कादंबरीकाराला असले प्रश्न पडत नसतात. तोफ काढून टाकली.

३० ऑगस्ट.
गणपती बसले. मोदकांच्या तयारीत गेला आठवडा. दुसरे वाक्य मनात आहे. कांदे मात्र उत्तम निघाले.

१० सप्टेंबर.
भाषणात एक उणीव दिसली. स्वप्न नाही. थोर लेखकांना प्रेरणा स्वप्नात होते, सुमनताई तर नक्कीच एखादे घेऊन येणार. दुपारी मुद्दाम डोक्याखाली पावत्या ठेवून निजले. स्वप्न पडले, पण रेशनच्या दुकानाचे. दुकानदार नव्या पैशांत सुटे मागत होता. उपयोगाचे नाही.

१८ सप्टेंबर.
स्वप्न पडले. म्हणजे पडल्यासारखेच. उशाशी पांढऱ्या पागोट्याचा एक म्हातारा उभा, म्हणतो, बाई, आमचं लिव्ह. त्या वेळी मी झोपेत होते की जागी, हा दुय्यम प्रश्न.

२५ सप्टेंबर.
म्हातारा आता एकटा येत नाही. बुरुजावरचे सगळे मागे उभे असतात. पहिल्या खेपेपेक्षा खूप प्रभावी वाटते. भाषण अकरा पाने. अंबूबाईंना वाचून दाखवले, त्यांनी डोळ्यांना पदर लावला. हे म्हणाले, आणि कादंबरी? मी म्हटले, चौकट आधी बसवतात, भिंती नंतर. हे म्हणाले, बरं.

३ ऑक्टोबर. दसरा.
शस्त्रपूजेत फाउंटन पेन ठेवले. हस्तलिखित पाच वाक्ये. पाचही भरीव आहेत. पत्रिका आली, माझे नाव सुमनताईंच्या खाली पण त्याच आकारात. पाटाखाली जपून ठेवली. गावाकडे सासूबाईंना एक धाडली आहे, काही न लिहिता.

६ ऑक्टोबर, रविवार. संध्याकाळी साडेसात.
जसे झाले तसे लिहिते, कारण उद्या लोक वेगळे सांगतील.

धर्मशाळेचा हॉल भरला होता. पुढच्या तीन रांगा बुरुजावरच्या मंडळींनी अडवल्या. हिंदुराव फेटा बांधून मधोमध. सुमनताई साध्या सुती पातळात आल्या होत्या, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. आधी त्या बोलल्या. स्वप्न नाही. दृष्टांत नाही. म्हणाल्या, प्रेरणा मला अजून भेटलेली नाही, मी सकाळी दूध तापवून झालं की बसते. दोन वर्षं जुने कागद वाचते, मग लिहिते. बूड टेकवून बसायची सवय हीच माझी प्रेरणा. टाळ्या जेमतेम पडल्या. मला त्यांची कीव आली.

बसायच्या आधी म्हणाल्या, तुमच्या मुलखात आले आहे म्हणून चाकणचं सांगते. तो किल्ला जवळजवळ दोन महिने लढला. शेवटी मोगलांनी भुयार खणलं, सुरुंग लावला आणि कोपऱ्याचा बुरूज उडवला. वरची माणसं बुरुजासकट उडाली.

हिंदुरावांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. मग त्यांची रांग वळली. मग मागच्या दोन. हे मी वाचलेले नव्हते, पण यात माझी चूक नाही. वाचनालयात त्या विषयावरचे एकच पुस्तक आहे आणि ते जूनपासून खुद्द मारुतरावांच्या घरी आहे.

माझे नाव पुकारले. उठले. स्वप्नाचे सगळे सांगितले, पागोट्यासकट. सांगून होते न होते तोच हिंदुराव उभे राहिले. म्हणाले, बाई, ते ऱ्हाऊ द्या. आमचा म्हातारा हवेत ग्येला म्हना की.

मागून कोणीतरी हसले. टेबलाला धरून मी म्हटले, गेला नाही.

ते म्हणाले, ह्या बाई तर म्हनत्यात ग्येला.

मी म्हटले, त्यांच्या कागदांत गेला असेल. माझ्या कादंबरीत सुरुंग पेटलाच नाही.

हे वाक्य कुठून आले मला ठाऊक नाही. पण एकदा आल्यावर मी मागे घेतले नाही. म्हटले, आदल्या दिवशी अंबूबाईंचे पूर्वज बुरुजावर भाकरी खायला बसले होते. तांब्यातले पाणी हलताना दिसले. त्यांनी जमिनीला कान लावला. खाली कुदळी वाजत होत्या. त्यांनी भुयाराची जागा ओळखली, वरून भोक पाडले आणि घागरीमागून घागर ओतली. दारू भिजून चिखल.

हिंदुराव म्हणाले, आन आमचा काय बघत बसला व्हय? मी म्हटले, घागरी त्यांनीच पुरवल्या. मग माणचे उठले, रावेतचे उठले. एकेकाला एकेक घागर दिली. घागरी संपल्यावर एकाला पोहरा दिला, एकाला दोर. सगळ्यात शेवटी उठलेल्याला विहीर दिली.

सुमनताई हळूच म्हणाल्या, पण किल्ला पडला होता हो. मी म्हटले, पुण्यातून तसं दिसत असेल.

इतक्या टाळ्या पडल्या की मारुतराव आभार मानायचे विसरले. हे शेवटच्या रांगेत शिफ्टच्या कपड्यांत उभे होते. टाळ्या वाजवताना मी स्वतः पाहिले.

चहाच्या वेळी सुमनताई जवळ आल्या. म्हणाल्या, छान बोललात, मला असं जमत नाही. लिहून किती झालंय? मी म्हटले, होतंय. त्या म्हणाल्या, मग आज बोलायला नको होतंत. एकदा तोंडानं सांगून टाकलं की हाताला भूक राहत नाही. पुण्याच्या लोकांचा मत्सरसुद्धा सुभाषितासारखा असतो.

८ ऑक्टोबर. कोजागिरी.
घागरींचा प्रसंग लिहायला बसले. 'त्यांनी घागर ओतली. मग दुसरी घागर ओतली.' बोलताना यात पाणी होते. कागदावर नुसती भांडी दिसतात. शाई फिकी आहे, हेही एक कारण.

यांनी आटीव दुधाकडे बघून विचारले, साखर? देवापुढे कौल लावला. उजवे फूल पडले. 'लेखन पुरे' यात भाषणाचे लेखनही येते, असा अर्थ निघतो. साखर सुरू केली.

१३ ऑक्टोबर.
पुस्तक कधी येणार, असे कोणी विचारले की काय उत्तर द्यायचे ते ठरवून ठेवले आहे. कोणी विचारले नाही. हिंदुराव बाजारात भेटले, वाकून नमस्कार केला आणि पुढे गेले. शेवटी मीच वाचनालयात जाऊन मारुतरावांना म्हटले, पुस्तकाचे काय करायचे? ते म्हणाले, कुठल्या? मी म्हटले, माझ्या. ते म्हणाले, अहो, आता छापून काय करता, सगळ्यांनी ऐकलंच की.

मी खचणारी नाही. लोकांनी विचारावे म्हणून लिहिणारे निराळे. मी आतून लिहिते. आज मात्र आत शांत होते.

२० ऑक्टोबर. दुपारी चार.
भाडे द्यायला अंबूबाईंकडे गेले होते. ओट्यावर सात-आठ बायका शेंगा फोडत बसल्या होत्या आणि अंबूबाई चाकणचा वेढा सांगत होत्या. तांब्यातलं पाणी, जमिनीला कान, कुदळी, सगळे. हिंदुरावांच्या घागरी त्यांनी गाळल्या. रावेतचे भाऊ नाहीत. विहीरसुद्धा त्यांच्या म्हाताऱ्यांच्या मालकीची झाली. माझे नाव कुठेच नाही.

मी उभ्यानेच म्हटले, अंबूबाई, ही गोष्ट माझी आहे.

त्या म्हणाल्या, तुजी कशी? तू साताऱ्याची. तुला हितलं काय ठावं?

मी म्हटले, तुम्हाला हे सगळे मी सांगितले. त्या दिवशी, हॉलमध्ये. तुम्ही पुढच्या रांगेत होतात.

म्हणाल्या, व्हय, तू सांगितलंस. न्हाई कुठं म्हनते? पर तुला सपनात येऊन सांगितलं कुनी? आमच्याच म्हाताऱ्यानं न्हवं? भर सभेत तूच म्हनालीस. मंग गोष्ट कुनाची झाली?

बायकांनी माझ्याकडे पाहिले. मॅट्रिकला मराठीत पहिला नंबर होता, पण असला प्रश्न पेपरात नव्हता. स्वप्न पडले नव्हते असे म्हणावे तर सगळ्या चिंचवडसमोर खोटी पडते. पडले होते म्हणावे तर गोष्ट गेली.

मी स्वप्न मागे घेतले नाही. ते कदापि घेणार नाही.

एकीने सरकून जागा दिली. बसले, शेंगा ओढून घेतल्या. अंबूबाई पुढे सांगू लागल्या. दारू भिजल्यावर खान स्वतः भुयारात उतरतो आणि गुडघाभर चिखलात रुततो, असे एक त्यांनी घातले आहे. हे माझ्या भाषणात नव्हते. चांगले आहे. तेवढ्यात त्यांना ठसका लागला आणि त्या पाणी प्यायला थांबल्या. त्यांनी भांडे खाली ठेवले तेव्हा, मग पुढे काय झाले, असे मी विचारले.

केवळ रीत म्हणून.