चिकूच्या शेडमधून चाललेलं ऑफिस

तलासरी,
१० फेब्रुवारी २०१९

आदरणीय एकनाथराव यांस,

मनिषचा नमस्कार. वसुमतीआईंनाही माझा नमस्कार सांगावा. घरी सगळे बरे असतील अशी आशा करतो.

अक्षर अनोळखी आहे म्हणून पाकीट बाजूला टाकू नका, एवढी विनंती. फोन केला असता तर तुम्ही आवाज ओळखून ठेवून दिला असता. माझ्या आणि रश्मीच्या लग्नाला दोन वर्षं होतील आता. माझं तोंड बघायचं नाही असं तुम्ही म्हणाला होतात, ते लक्षात ठेवूनच लिहितोय.

इकडे जमीन हलते हे तुम्ही पेपरात वाचत असालच. डहाणूलाही भांडी वाजत असतील, पण इकडे जरा जास्तच. मी शाळा आंब्याखाली भरवतो. पोरं आता इतकी सरावली आहेत की धक्का बसला की “गुरुजी, आला!” म्हणतात आणि पाढे पुढे चालू. अख्खा पाडा झोपायला बाहेर, ताडपत्रीखाली. मोठ्या हौसेनं विटांचं घर बांधलं होतं, त्याला तडे गेले. माझी आई जमना म्हणते, आपलं कुडाचंच बरं होतं.

पण पत्र लिहितोय ते रश्मीनं केलेलं एक काम तुम्हाला कळावं म्हणून. ती स्वतः सांगायची नाही. वसुमतीआईंचा फोन आला की चिकूचा भाव आणि हवापाणी, संपलं.

ती इथल्या चिकू बागायतदारांच्या संघात कामाला आहे, हे तुम्हाला माहीत असेल. बिलं आणि ट्रकच्या मालाचे कागद तिच्याकडे. कागद निघाल्याशिवाय दिल्लीचा ट्रक हलत नाही. गेल्या महिन्यात ऑफिसच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली. इंजिनिअर येऊन बघेपर्यंत आत कुणी पाऊल टाकायचं नाही, असं ठरलं. कॉम्प्युटर आत चालू, माणसं बाहेर, आणि शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये चिकूचे खोके थप्पी लावून. चिकू काय कुणासाठी थांबतो? मशीन बाहेर आणायला हमाल तयार होईनात, आणि अध्यक्षांनीही कुणाला गळ घातली नाही. डोक्याला हात लावून बसले होते बिचारे.

रश्मीच्या मनात आलं, शेडमध्ये बसून आपल्या लॅपटॉपवरूनच आतलं मशीन चालवावं. तुम्ही तिला कॉलेजात घेऊन दिलेला तो जुना लॅपटॉप आठवतो? विंडोजनं त्याला धाप लागायची, म्हणून तिनं केव्हाच ते काढून त्यात लिनक्स नावाची हलकी प्रणाली घातली होती. ऑफिसच्या मशीनवर मात्र सगळं विंडोज. तिथली मशीन बघणारा नवीनभाई वापीहून लांबूनच जोडून दुरुस्ती करतो, म्हणून त्या मशीनला बाहेरून जोडायची सोय आधीच होती. पण तो फोनवर म्हणाला, “बेन, तुमच्यात विंडोज नथी, मग कसं जोडणार? नवा लॅपटॉप घ्या.”

ही म्हणाली, “बघू तर.”

तुम्ही रेल्वेच्या सिग्नलमध्ये आयुष्य काढलंत, तुम्हाला मी काय सांगावं? केबिनमध्ये लिव्हर ओढला की लांबवरचा सिग्नल पडतो, तसंच हे. फक्त केबिन एका कंपनीची आणि सिग्नल दुसऱ्याच कंपनीचा. उलट्या खोक्यावर बसून हिनं जोडायला घेतलं. ऑफिसचं वायफाय शेडपर्यंत येत होतं. आधी नुसता काळा पडदा. मग पासवर्ड नाकारला. मग जोडलं गेलं आणि लगेच तुटलं. ऑफिसचं मशीन अनोळखी लॅपटॉपला दारातूनच परत पाठवत होतं. हिनं शोधून शोधून एकेक सेटिंग बदललं, नवीनभाईला फोन करून करून भंडावलं. मध्येच उठून बाहेर जायची, कारण चिकूचा वास हल्ली तिला सोसत नाही. तोंड धुवून परत येऊन बसायची.

मी शाळा सोडून पोचलो तेव्हा हमालांचा घोळका जमला होता. हिच्या लॅपटॉपवर ऑफिसचा पडदा जसाच्या तसा! खिडकीतून बघावं तर आत रिकाम्या खोलीत मशीनवर बिल आपोआप भरलं जात होतं. झाडूवाली बुधीबाई म्हणाली, “आत भूत बसलाय का गं बाय?” रश्मी इतकी हसली की काय सांगू. शेडमध्ये पावत्यांसाठी आधीपासून प्रिंटर होता, त्यावर कागद निघाला आणि ट्रक गेला. मी तिचा नवरा, पण त्या दिवशी हमालांच्या मागे उभा राहून टाचा उंचावून बघत होतो. छाती अशी फुगली होती म्हणून सांगू! नवीनभाईनंही कबूल केलं, “बेन, मला पण शिकवा.”

इथवर सगळं कौतुकाचं झालं. पुढचं लिहायला हात उचलत नाही.

ही नवी रीत चार दिवस झकास चालली. मग एका संध्याकाळी बुधीबाईनं घरी जाताना ऑफिसच्या बाहेरच्या ओट्यावरचा मेन स्विच पाडला. तिचंही चुकलं कसं म्हणू? “जमीन हालली तं करंट उडंल, म्हणून बंद केला,” म्हणाली. सकाळी मेन चालू केला, पण मशीन काही उठेना. कुणीतरी आत जाऊन बटण दाबायलाच हवं होतं.

रश्मी गेली. कुणाला न विचारता. नुसतं बटण दाबून आली नाही, तिथेच खुर्चीवर बसली. वीज आली की मशीन आपोआप उठावं असं सेटिंग करत. ते लांबून होत नाही म्हणे. ती आत असतानाच धक्का बसला.

हे मला तिनं नाही, बुधीबाईनं रडत रडत सांगितलं. रश्मी बाहेर आली ती केसांत चुन्याची पूड घेऊन, आणि म्हणाली, “झालं, आता कुणालाच आत जायला नको.” मी पहिल्यांदाच तिच्यावर ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, “मी नसते गेले तर दुसरं कुणी गेलंच असतं ना?”

एकनाथराव, रश्मीला सातवा महिना आहे.

तुम्हाला कळवायचं नाही अशी तिनं मला शपथ घातली आहे, ती मी आज मोडतोय. माहेरी जा म्हटलं की इतके दिवस कामाचं कारण सांगायची. आता तेही उरलं नाही. नवीनभाईनं इंटरनेटवरून जोडायची सोय करून दिली आहे, आणि अध्यक्ष म्हणाले, “पोरी, कुठूनही कर, पण इकडे येऊ नकोस.” आमच्या पाड्यावर रेंजसाठी तिला टेकाड चढावं लागतं. पोट सांभाळत, लॅपटॉप छातीशी धरून चढते. माझ्यानं बघवत नाही. डहाणूला तुमच्या घरात बसल्याजागी काम होईल, दवाखाना जवळ आहे.

परवा माझी आई रश्मीच्या केसांना तेल लावत होती. सहज बोलून गेली, “तुझी आयस कशी लावायची गं तेल?” रश्मी तशीच अर्ध्या केसांनी उठली आणि मांडवामागे जाऊन उभी राहिली. मी मागोमाग गेलो. मला म्हणाली, “बाबा बोलावतील तर जाईन. नाहीतर नाही.” स्वभाव कुणाचा घेतलाय, मी सांगायला नको.

मला घरात घेऊ नका. मी तिला दारापर्यंत सोडीन आणि मागच्या मागे परत फिरेन. बाळ झालं की लांबून बघू दिलंत तरी चालेल. आमची आई रोज धरतरीला हात जोडते, मीही जोडतो, पण मला भीती वाटते. फार वाटते.

या पत्राला उत्तर नको. फोन तिलाच करा. माझं नाव काढू नका, तुम्हाला आपणहून आठवण झाली असंच तिला वाटू द्या. “ये” एवढंच म्हणा.

तुम्ही माना न माना,
तुमचा जावई
मनिष