लेकीच्या घरचं पाणी

लिंबायत, सुरत
नोव्हेंबर १९९६

प्रिय हर्षू,

नाशिकला थंडी पडली असेल. अभ्यासाला बसताना शाल घेत जा. इथे रोज दुपारी लाईट जाते, माग थांबतात आणि गल्ली एकदम मुकी होते. म्हणूनच तुझे पप्पा त्या वसाहतीवर भाळले. रविवारी आम्ही तुझ्यासाठी सांगून आलेल्या कुंदनचं घर बघायला गेलो. तो नोकरी करतो त्या अणुवीज केंद्राचीच ती वसाहत. तिथे पंखा काही थांबेना. पप्पा मान वर करून त्याच्याकडेच बघत होते, जणू पंख्यालाच जावई करायचंय.

कुंदन शांत वाटला. म्हणाला, कोळसा संपेल तेव्हा देश यावरच चालेल. मी विचारलं, जळून उरतं ते कुठे ठेवता? पाण्याच्या टाकीत, म्हणाला. आणि पुढे? तो काही बोलणार, तोवर त्याचे वडीलच म्हणाले, "विहीणबाई, मुलगा बघायला आलात की चौकशी आयोग घेऊन?" सगळे हसले. मीही हसले. पण हसण्यावारी नेलेल्या प्रश्नाचाच मला जास्त संशय येतो. आपल्या चुलीचा धूर निदान डोळ्यांना कळतो गं. तिथे धूर नाही, वास नाही, आवाज नाही.

मग उषाबाईंनी, म्हणजे कुंदनच्या आईनं, पाण्याचे पेले पुढे केले. पप्पा घटाघटा प्यायले. माझा हात पुढे होईना. तोंडातून निघून गेलं, "आमच्यात लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत." अगं, लेक अजून दिलीय कुठे! पण उषाबाई "माय व!" करत उठल्या, मला कुंकू लावलं, शेजारणींना हाका मारून पेढे वाटले. सगळ्यांना तो होकारच वाटला. परतताना एसटीत पप्पा म्हणाले, "काय शोभेसं बोललीस!" मी काय सांगणार? मला त्या पाण्याची भीती वाटली होती.

अशी तुझी सोयरीक जुळली, तुला न विचारता. तू नेहमीसारखं "तुम्ही ठरवाल ते" म्हणशील, म्हणूनच हे लिहितेय. पुढच्या आठवड्यात कुंदन तुला भेटायला येईल. त्याला माझा तोच प्रश्न विचार. "काहीच धोका नाही" असं पटकन म्हणाला, तर आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या पीसीओत फोन करून निरोप ठेव. उषाबाईंना खरं काय ते सांगून मी हे मोडते, पप्पा कितीही चिडोत. पण "पुढचं मलाही माहीत नाही" म्हणाला, तर त्याच्याकडे नीट बघून घे. मग होकार असो की नकार, तो तूच सांग.

तुझ्यासाठी वाईटपणा घ्यायला तयार असलेली,
तुझीच
आई