चौतीसची कंबर

२ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकट्या भावाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. ऐन थंडीत तू वाचनालयाच्या सगळ्या खिडक्या सताड उघडतेस, वाचक मफलर गुंडाळून पेपर वाचतात आणि ग्रंथपालबाई म्हणजे तू स्वतः पुठ्ठ्यानं वारा घेत बसतेस, हे मी दुकानात मोठ्यानं वाचून दाखवलं. काज-बटण करता करता तुझ्या भावजयीनं सुई खाली ठेवली आणि पोट धरून हसली. पन्नाशीचा घाम म्हणतात तो हाच का? डॉक्टरीणबाईंनी वयाचं नाव काढल्याबरोबर तू डॉक्टरीणच बदललीस म्हणे.

माझं मात्र उलट चाललंय. सत्तेचाळिसाव्या वर्षी मी बारीक होतोय. काल बँकेच्या मॅनेजरचं माप घ्यायला हात वर केले, तर माझीच पॅन्ट घसरली. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडलीत. सकाळी कोपऱ्यापर्यंत चालतो, त्याचा हा गुण. मॅनेजरची कंबर बेचाळीस भरली. मी नेहमीसारखं मोठ्यानं चाळीस म्हणालो आणि वहीत बेचाळीस लिहिलं. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी हे दोन इंच बक्षीस देतो. तो खूश, कपडाही बरोबर. मला मात्र कुणाच्या बक्षिसाची गरज नाही. मी चौतीसचा होतो, परवा टेप लावली तर बत्तीस!

बाकी क्षेम. तहान फार लागते, दर अर्ध्या तासानं मशीनवरून उठावं लागतं आणि समोरच्या दुकानाची पाटी जरा पुसट दिसते. पाटीच जुनी झाली असावी.

कळावे. लोभ आहेच, तो माझ्या कंबरेसारखा घटू नये.

तुझा बारक्या (आता खरोखरीचा)


९ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

माझ्या घामावर दुकान हसवलंस, ठीक आहे. मला घाम येतो तो वयानं, आणि ते मी नव्या डॉक्टरीणबाईंकडून दुसऱ्यांदा ऐकून घेतलंय. निदान माझी खिडकी उघडी आहे. तुझी अक्कल बंद आहे त्याचं काय?

तू आणि चालणं? शाळेत असताना वही आणायला शेजारच्या गल्लीत जायचं, तर तुझ्या पोटात दुखायचं. कोपऱ्यापर्यंत चालून कुणाची कंबर उतरत असती, तर आमचा पोस्टमन एव्हाना दिसेनासा झाला असता. तुझ्या पत्रातला शेवटचा परिच्छेद पुन्हा वाच. तहान, सारखं उठणं, पुसट दिसणं. बाबांचं असंच सुरू झालं होतं. तेही म्हणायचे, दिवाच मंद आहे. बावन्नाव्या वर्षी त्यांनी कात्री खाली ठेवली ती कायमची, आणि पुढची अकरा वर्षं खुर्चीत बसून तुझ्या मशीनचा आवाज ऐकला. विसरलास?

उद्या सकाळी उपाशीपोटी जाऊन रक्तातली साखर तपासून घे. तुझ्यापेक्षा माझा आकड्यावर विश्वास जास्त आहे.

काळजी घ्यायला सांगत नाही, हुकूम सोडते आहे.

ताई


१५ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा हुकूम पोचला. फक्त दोन इंचांसाठी मी सुई टोचून घ्यायची? माणूस फुगला तरी तुम्ही बोलणार, उतरला तरी बोलणार. बाबांचं पोट होतं, त्यांना झालं. मी काडी आहे. स्पष्ट सांगतो, तू जळतेस. पन्नाशीत तू रुंदावलीस आणि मी लहानपणीच्या नावाला जागलो, हे तुला बघवत नाही. दवाखान्यात जायला वेळ नाही, लग्नाचे नऊ कोट शिवायचेत.

राग मानू नकोस. मानलास तरी पत्र लिहीतच जा.

बारक्या


१६ फेब्रुवारी

ती. वन्सं,
सा. न. वि. वि.

हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे. तुमचा भाऊ चौतीसचा नाही. नऊ वर्षांपूर्वी होता.

यांच्या तीन काळ्या पॅन्ट आहेत, स्वतःसाठी नवीन शिवायला शिंप्याला सवड कुठे! त्यांत मागच्या शिवणीला तुमच्या बाबांच्या पद्धतीनं भरपूर कापड आत सोडलेलं होतं. बटण लागेना की हे दोन दिवस जेवत नसत आणि सगळ्यांवर खेकसत. म्हणून धुण्याच्या निमित्तानं मी शिवण उसवायची, एक इंच सैल करायची आणि इस्त्री मारून ठेवायची. असं चार वेळा केलं. हे आपले चौतीस म्हणत मिरवत राहिले. मोठ्यानं कमी सांगायचं आणि खरं मनात ठेवायचं, हे मी यांच्याचकडून शिकले.

मागे यांनी टेप लावून बत्तीस अशी आरोळी ठोकली, त्या रात्री मी तिन्ही पॅन्टच्या कंबरा पुन्हा मोजल्या. दोन नाही वन्सं, सहा इंच गेले आहेत, तेही चार महिन्यांत. आता मीच लपवलं हे सांगायला माझी जीभ रेटत नाही. मला फार भीती वाटते आहे. तुम्ही काहीतरी करा.

आशीर्वाद असू द्यावा.

तुमची भावजय


२० फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

आज टोमणे नाहीत. तुझी एक काळी पॅन्ट उलटी कर. खिडकीपाशी उजेडात धर आणि मागच्या शिवणीवरून बोट फिरव. जुन्या टाक्यांची भोकं मोज. मग तुझी वही उघडून स्वतःचं माप खोड आणि खरं लिही.

बायकोवर ओरडू नकोस. ओरडलास तर मी पहिल्या गाडीनं येईन आणि तुझ्या दुकानाच्या सगळ्या खिडक्या उघडीन.

ताई


२८ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चार रांगा होत्या. पाचवी आताची. डोळ्यांना नीट दिसल्या नाहीत, बोटांना लागल्या. मी बेतायच्या टेबलावर वही उघडली आणि दर उसवण्यामागे एक इंच धरून अडतीस लिहिलं. मग त्याच्यापुढे बत्तीस. दोन नव्हे, सहा इंच. घाबरलो ताई, खोटं कशाला बोलू!

तुझ्या भावजयीवर थोडंसं ओरडलो. ती रडली नाही, उलट म्हणाली, गावाला फसवताना मजा वाटत होती ना? मग माझा हात धरून दवाखान्यात घेऊन गेली. साखर चारशेच्या वर निघाली. डॉक्टरांनी डोळ्यांच्या आत बघितलं. पडदा अजून शाबूत आहे, आणखी वर्षभर मिरवला असतात तर सांगता आलं नसतं, असं म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या, गोड बंद. कोपऱ्यापर्यंतचं चालणं सांगितलं, तर हसून म्हणाले, आता कोपरा ओलांडा. कोट सहा शिवून झाले, तीन दुसऱ्या शिंप्याकडे दिले.

साखर ताब्यात आली की गेलेलं वजन थोडंफार परत येईल म्हणतात. काल तुझी भावजय तिन्ही पॅन्ट घेऊन आत घ्यायला बसली होती. मी तिच्या हातातून कात्री काढून घेतली. त्या तशाच राहू देत. पट्टा आवळून घालेन, गिऱ्हाइकं हसली तर हसू देत, पण निदान एक इंच तरी मला परत भरून काढायचा आहे. आणि तो मी दुकानात मोठ्यानं, खराखुरा वाचून दाखवणार आहे.

तुझ्यासाठी पातळ सुती झगा शिवतोय. खरं माप पाठव.

तुझा
अडतीसचा बारक्या