न चाखलेली आमटी

द्वारका
३ सप्टेंबर २०२५

ती. वहिनींस,
वृंदाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

डबा हातात घेऊन मी लिफ्टने खाली आले तोवर सुधन्वाने गाडी वळवली होती. मी हात केला. तुम्ही मागच्या सीटवर होतात, पण मांडीवरच्या पिशवीकडे बघत होतात. गार्डने विचारलं, गाडी थांबवू का. मी नको म्हटलं.

तोच डबा आज श्यामबरोबर पाठवते आहे. पुरणपोळ्या आहेत. तुमच्याच हातच्या. गौरीपुढे एवढ्या केल्यात आणि स्वतःसाठी एकही न घेता निघालात.

आमटीचं मनाला लावून घेऊ नका. नैवेद्य दाखवेपर्यंत काही चाखायचं नाही, मग खारट झाली हे कुणाला कळणार होतं? एवढ्या माणसांच्या स्वयंपाकात होतं असं. सुधन्वाने मात्र भरल्या पंगतीत, आई पुन्हा विसरलीस का, असं विचारायला नको होतं. त्या प्रश्नानंतर कुणाला काय वाढावं ते मला सुचेना.

माझ्या पाककृतींच्या पुस्तकावरून तुम्ही जे बोललात ते मी केव्हाच सोडून दिलं. सगळ्या बायका हसल्या, मीही हसले. ही चण्याची डाळ काय परीक्षेला बसणार आहे, हे तुमचं वाक्य श्याम ऑफिसात सांगत सुटला आहे. पण मला पुस्तक लागतं, वहिनी. माझ्या आईला स्वयंपाकाचा कंटाळा होता. मला शेजारी उभं करून कुणी काही दाखवलं नाही. पुस्तकाला तीच गोष्ट कितीदाही विचारली तरी ते वैतागत नाही.

फोन केला नाही, कारण तुमचा फोन स्पीकरवर असतो आणि सगळं घर ऐकतं.

सर्वपित्रीला यंदाही आम्ही तिकडेच येणार ना? वड्यांची डाळ मी वाटून आणीन.

लोभ आहे तो राहू द्यावा.

आपली
वृंदा

---

सरोजिनी नगर
६ सप्टेंबर

चि. सौ. वृंदा हिस,
सुमित्राचे अ. उ. आ.

डबा पोचला. श्यामभाऊजी म्हणाले, आता सरकारने मला पोस्टमनचा भत्ता द्यावा. आपण दोघी जावा एकमेकींना पाककृती लिहून पाठवतो असं त्यांना वाटतं. वाटू दे.

रिकामा डबा परत करायचा नाही म्हणून त्यात साखर घातली आहे. काही करून पाठवता आलं नाही. रागावू नकोस.

त्याचं कारण सांगून टाकते. गौरीहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे गॅसचा कॉक बंद असतो. पाइपाचा गॅस आला तेव्हा तो ओट्याखाली पार आत बसवला आहे. ऑफिसला निघताना चेतना वाकून तो बंद करते. माझे गुडघे तिथवर जात नाहीत हे तिला ठाऊक आहे. सून म्हणून तिने एकही वाईट शब्द काढलेला नाही. म्हणाली, आई, आता आराम करा, बिल्कुल टेन्शन घेऊ नका. चहा थर्मासमध्ये भरून ठेवते. मी तो पिते आणि हॉलमध्ये बसते. पाहुण्यासारखी.

पावसाळ्याच्या सुरुवातीला एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला होता आणि मला कळलं नव्हतं. ते तुम्हाला कुणाला सांगितलेलं नाही. सुधन्वा म्हणतो, तो पहिला इशारा, आमटी हा दुसरा. आपलाच मुलगा इशारा हा शब्द वापरतो तेव्हा कुठे बघावं ते कळत नाही.

आमटी खारट झाली याची लाज नाही. होते कधी. मला आठवत नाही, याची लाज आहे. मीठ घातलं ते एकदा आठवतं. दुसऱ्यांदा घातलं तो हात कुणाचा, असं वाटत राहतं.

सर्वपित्रीला बाहेरून डबा मागवू, असं सुधन्वाच्या मनात आहे. श्राद्धाचा स्वयंपाकही पान वाढेपर्यंत चाखायचा नसतो, म्हणून तो घाबरतो. त्याचंही चूक नाही. पण त्याचे वडील दौऱ्यावर निघाले तरी घरचा डबा नेत. स्टेशनवरचा वडासुद्धा त्यांच्या तोंडात गेला नाही. त्यांच्या पानावर आता विकतचं वाढायचं.

तेव्हा एक मागते. तुझ्या पुस्तकांतलं एखादं पाठव. ज्यात मीठही मोजून सांगितलं असेल असं. चवीनुसार लिहिणारं नको. मी सुधन्वाला करून दाखवीन. मला मागायला कसं वाटलं असेल ते तू ओळख, पण श्यामभाऊजींना सांगू नकोस.

तुझा लोभ हवा आहे. या वयात तसं लिहून मागावं लागतं.

सुमित्रा

---

द्वारका
९ सप्टेंबर

ती. वहिनींस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

घरातली सगळी पुस्तकं काढून बसले. माणसं डाळ, तेल, मोहरीपर्यंत मोजून सांगतात आणि मिठाशी आली की हात वर करतात. सगळीकडे चवीनुसार. एकच सापडलं, कव्हर गेलेलं, त्यात मिठाचंही माप आहे. तेच पाठवते. त्यातलं आमटीचं पान हळदीने पिवळं झालं आहे. गौरीच्या दिवशी ओट्यावर तेच उघडं होतं.

पुस्तकातली वाटी म्हणजे कुणाच्या घरची वाटी, हे कुठलंच पुस्तक सांगत नाही. म्हणून माझी वाटी आणि मापाचे चमचेही डब्यात ठेवले आहेत. एक करा. प्रत्येक पदार्थाचं मीठ आधीच वेगळ्या छोट्या वाटीत काढायचं आणि बरणी ओट्यावरून उचलून हॉलमध्ये नेऊन ठेवायची. वाटी रिकामी दिसली की मीठ झालं. आठवायचं कामच नाही.

तुमच्या साखरेचे बेसनलाडू केले. डब्यात वरच आहेत.

चूक एकट्या तुमची नव्हती. त्या दिवशी त्या स्वयंपाकघरात मीही होते. सर्वपित्रीला मी सकाळीच येते. बाहेरचा डबा सांगू नका.

लोभ करावा, असं लिहिताना आज पेन अडतं आहे. तरी लिहिते.

आपली
वृंदा

---

सरोजिनी नगर
१३ सप्टेंबर

चि. सौ. वृंदा हिस,
अ. उ. आ.

आज शनिवार. चेतना घरी होती. तिला म्हटलं, मला एक आमटी करू दे. तिने कॉक उघडला आणि फोन बघत दारात उभी राहिली. फोन बघत नव्हती, ते मला कळत होतं.

चष्मा लावून, तुझं पुस्तक टेकवून, ओळीवर बोट ठेवून आमटी केली. माझ्या सासूबाई, म्हणजे तुझ्याही, वरून बघत असतील तर त्यांनी पदर तोंडाला लावला असेल. वाटी रिकामी झाली, मी थांबले. आमटी ठीक झाली. माझी वाटत नव्हती, पण ठीक झाली.

सुधन्वा जेवला. बरी झाली म्हणाला. मग हसत म्हणाला, पण आई, तू वाटीच दोनदा भरलीस तर? चेतनाने त्याच्याकडे बघून त्याला गप्प केलं. तो बोलला त्याचं एवढं लागलं नाही. तिने त्याला गप्प केलं त्याचं लागलं. आजारी माणसासमोर करतात तसं.

सर्वपित्रीचं अजून तो हो म्हणालेला नाही.

मी रोज दुपारी तो गौरीचा दिवस पुन्हा लावून बघते. चारी शेगड्या पेटलेल्या. मी कटाच्या आमटीपाशी. माझ्या डावीकडे तू, पुस्तक उघडून. तुझी नजर फार बारीक. डाळीतला खडा तुला लांबून दिसतो. मी दुसऱ्यांदा मीठ घातलं ते तुला दिसलं असतं तर तू बोलली असतीस. तू बोलली नाहीस, म्हणजे ते इतकं झटकन झालं की कुणालाच दिसलं नसतं. एवढ्यावर मला जरा बरं वाटतं.

लाडू चांगले होते. वजन करून वळलेस का गं? सगळे सारखे होते.

माझा लोभ आहेच.

सुमित्रा

---

द्वारका
१५ सप्टेंबर

ती. वहिनींस,
नमस्कार.

दिसलं होतं.

तुम्ही त्या बायकांना माझ्या पुस्तकाची गंमत सांगत होतात, आणि सांगता सांगता तुमचा हात पुन्हा बरणीत गेला. माझं बोट पुस्तकात मिठाच्याच ओळीवर होतं. तोंड उघडलंही होतं. मग वाटलं, घालू दे. अंदाज म्हणजे काय ते सगळ्यांना एकदा कळू दे.

एवढंच वाटलं. पण त्यानंतर वेळ होता. उकळी यायची होती. पाणी वाढवता आलं असतं, बटाटा सोडता आला असता. मी ताटं पुसत राहिले. तुमचा कॉक बंद होईल असं मनात नव्हतं. पण तुम्ही पंगतीत खाली बघाल, एवढं मनात होतं, आणि तसं झालं.

रविवारी सुधन्वाला हे सांगणार आहे.

आज लोभ मागत नाही.

वृंदा

---

सरोजिनी नगर
१८ सप्टेंबर

चि. सौ. वृंदा हिस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं, पुस्तकात ठेवलं आणि पुस्तक कपाटात ठेवलं. दोनदा भाऊजी डब्यासाठी डोकावून गेले. म्हटलं, अजून धुतला नाही. धुऊन केव्हाच पुसून ठेवला होता.

राग आला. अजून आहे. तो जाईल तेव्हा जाईल. मी बायकांत तुला हसले, ते मात्र मला नीट आठवतं. तू हसलीस तेव्हा तुझे कान लाल झाले होते, तेही आठवतं. तरी मी पुढे बोलत राहिले. इतकं सगळं आठवतं आणि मीठ आठवत नाही.

पण एक गोष्ट ध्यानात घे. तू सांगितलंस म्हणून मी विसरले नव्हते असं होत नाही. तू गप्प राहिलीस, पण मीठ माझ्याच हाताने पडलं. सुधन्वाला सांगायचं तर तुझ्या मनासाठी सांग. मला सोडवायला म्हणून सांगू नकोस. त्यातून मी सुटत नाही.

चेतनाने काल परस्पर त्याला सांगितलं की सर्वपित्रीचा स्वयंपाक घरीच होईल. वृंदाकाकू असणार आहेत, मग चिंता कसली, असं म्हणाली. मी ऐकत होते. ऐकू कमी येतं, तरी अशी वाक्यं बरोबर येतात.

तेव्हा ये. पुस्तक मी काढून ठेवीन. माझ्या डावीकडे उभी राहा. आणि दिसलं तर बोल. मोठ्याने बोल. हॉलमध्ये सुधन्वाला ऐकू जाईल, जाऊ दे.

डब्यात आज काही नाही. रिकामाच पाठवते आहे. तो भरून आणायला तुला यावं लागेल.

सुमित्रा

---

सरोजिनी नगर
२१ सप्टेंबर, सर्वपित्री अमावास्या, संध्याकाळ

चि. सौ. वृंदा हिस,
सुमित्राचे अ. उ. आ.

तुम्ही गेलात. मेट्रोने घरी पोचायच्या आत मी लिहायला घेतलं आहे, कारण उद्या यातलं किती राहील ते मला सांगता येत नाही.

वहिनी, मीठ झालंय, असं तू म्हणालीस तेव्हा पहिल्यांदा मला ऐकूच आलं नाही. दुसऱ्यांदा ओरडलीस. हॉलमधलं बोलणं थांबलं. तेव्हा मी पाहिलं. गवारीची वाटी रिकामी होती, बरणी हॉलमधून उचलून मीच परत आणली होती आणि तिचं झाकण माझ्या हातात होतं. केव्हा आणली ते आताही आठवत नाही. वाटलं, झाकण टाकावं आणि खोलीत जाऊन दार लावावं. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. कढीचं राहिलंय, ते घाला, म्हणालीस. म्हणून मी कढीत घातलं.

त्यांच्या पानावरचं सगळं बरोबर होतं. श्यामभाऊजींनी खीर तिसऱ्यांदा मागितली तेव्हा मी पाहून घेतलं की खोटं मागत नाहीत. त्यांना खोटं मागता येत नाही.

बाल्कनीत तू सुधन्वाला काय सांगितलंस ते त्याने मला मघाशी सांगितलं. त्याने विचारलं, तुला राग नाही आला? म्हटलं, आला. मग काकूला ओट्यापाशी बोलावलंस कशाला, म्हणाला. म्हटलं, पुस्तकात मीठ लिहिलेलं असतं, पण पुस्तक ओरडत नाही. तो हसला नाही. माझ्याजवळ येऊन बसला. मी किती दिवसांपासून विसरते आहे, ते त्याने विचारलं. आजवर त्याने नुसतं विसरलीस का असं विचारलं होतं. मी खरं ते सांगितलं. दूध उतू गेलं त्याच्या आधीपासून. डॉक्टरांकडे जायचं ठरलं आहे.

तुझं पुस्तक ठेवून घेते. आमटीच्या पानावर आता माझीही हळद लागली आहे.

राग थोडा उरला आहे. त्याच्या शेजारी लोभही आहे. दोन्ही तुझेच.

सुमित्रा

ता. क. सोमवार सकाळ. तुझे घट बसले असतील. चेतना ऑफिसला गेली. विसरली म्हणावं तर थर्मास धुऊन पालथा घातलेला होता. ओट्याला धरून मी वाकले आणि आत पाहिलं. कॉक उघडा होता. चहा ठेवला. साखर घातली की नाही ते आठवेना. चाखून पाहिला. घातली होती.