जैनाबादच्या घराची मागची बाजू

बऱ्हाणपूर, राजघाटाजवळ
१२ ऑक्टोबर २०२५

चि. निरंजन यास,

मामाचे आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या वंदनामामीचा गुडघा थंडीची वाट न बघता आत्ताच दुखायला लागलाय. तू पुण्याहून पाठवलेलं तेल मिळालं, त्याचा काडीचा उपयोग झालेला नाही. दिवाळीला येत नाहीस, मोबाइलच्या खेळाचं काम संपवायचं आहे, असं मामी म्हणाली. ठीक आहे.

हे फोनवर बोलायचं नाही असं मी ठरवलं. फोनवर माझी दोन वाक्यं होतात न होतात तोच तू ‘मामा, समझा करो’ म्हणतोस, आणि काय बोलायचं होतं ते माझ्या डोक्यातून निघून जातं. कागदावर तुला मधे बोलता येणार नाही.

तर तू आणि तुझ्या कंपनीतली ती चार पोरं आपला ‘घाटनगर’ खेळ थ्रीडी करणार. आणि मला हुकूम आलाय की महिनाअखेरपर्यंत सगळ्या इमारतींच्या मागच्या बाजू काढून पाठवा, नाहीतर ‘आम्ही आमच्या मनाने बनवून घेऊ’. हे ‘आमच्या मनाने’ मी चार वेळा वाचलं. त्या दिवशी जेवलो नाही.

निरंजन, घाटनगरातल्या एकशे बेचाळीस इमारती मी काढल्या आहेत. राजघाटाच्या वरच्या पायरीवर, छत्री लावून, मांडीवर बोर्ड घेऊन, तीस अंशांचा सेटस्क्वेअर सरकवत. तू त्या स्कॅन केल्यास, रंग भरलेस, त्यात माणसं चालवलीस. गाव वसवायचं, जमिनीखालून जोडलेल्या विहिरी, आपल्या कुंड्या, खोदून पाणी आणायचं, कोठारं भरायची आणि पलीकडून फौज आली की सगळं वाचवायचं, हा डाव तुझा. त्यात मी कधी नाक खुपसलं नाही. पण रेषा माझ्या आहेत.

आयटीआयमध्ये तेहतीस वर्षं मी पोरांना आयसोमेट्रिक ड्रॉइंग शिकवलं. पहिल्याच तासाला सांगायचो, ह्या पद्धतीत डोळ्याला फसवायचं नाही. लांबची भिंत जवळच्या भिंतीएवढीच. रेषा समांतर निघाल्या की शेवटपर्यंत समांतर. म्हणून तर तुझ्या खेळात एकेक शंकरपाळ्यासारखी फरशी मोजता येते. कोठारापासून वेस किती फरश्या, शिपायाला पोचायला किती वेळ, हे नुसतं बघून कळतं. डावपेचाच्या खेळाला आणखी काय लागतं? बुद्धिबळाचा पट कोणी फिरवून फिरवून खेळतं का?

तुझा नवा नमुना मी मामीच्या फोनवर पाहिला. बोट लागलं आणि गाव गरकन फिरलं. घाट उजवीकडे गेला, नदी डोक्यावर आली, बाजार एका झाडामागे दडला. उत्तर कुठली हे मला, ज्यानं तो नकाशा काढला त्याला, कळेना. बोट मागे ओढलं तर घरं मुंगीएवढी झाली. पाच मिनिटांत फोन इस्त्रीसारखा तापला. आणि ह्याला तुम्ही सुधारणा म्हणता.

तू म्हणशील, खेळणाऱ्यांची तक्रार आहे. एका पोरानं लिहिलंय ना, की कोठाराच्या मागे शत्रू येऊन उभा राहतो आणि आपल्याला दिसतच नाही. अरे, मग कोठाराच्या पलीकडे पहारा बसव. नाहीतर छप्पर पारदर्शक कर, दोन तासांचं काम. त्यासाठी अख्खं गाव गरागरा फिरवायचं?

आता तुझ्या घराबद्दल. जैनाबादचं तुमचं घर, मुळात आमच्या आईचं, मी खेळात नदीपलीकडची चौकी म्हणून घातलं होतं. त्याच्या मागे तुझ्या पोरांनी गॅलरी लावली आहे. गॅलरी. तिला रंगीत काचासुद्धा. ते बघून मी तुला फोन केला आणि ओरडलो, तर तू शांतपणे विचारलंस, ‘मग मागे काय आहे मामा, तुम्हीच सांगा.’

मी फोन ठेवला. नंतर नेटवर्क गेलं म्हणालो, ते गेलं नव्हतं.

लहानपण त्या घरात काढलेल्या माणसानं मला हे विचारावं? दर दिवाळीला तू तिथे असतोस. तुला आठवत नाही? घाटावरून त्या घराच्या दोनच बाजू दिसतात आणि त्या मी चोख काढल्या आहेत. खिडकीचा तुटका गजसुद्धा सोडलेला नाही. मागे काय आहे ह्याच्याशी माझा संबंध नाही. गेली सहा वर्षं नाही. तुला कारण माहीत आहे, ते मी लिहीत बसत नाही.

हे पत्र वाचून दाखवल्यावर मामी म्हणाली, ‘तुमचं भांडण थ्रीडीशी आहे का नदीपलीकडच्या माणसाशी, ते एकदा ठरवा.’ बायकांना ड्रॉइंगमधलं काही कळत नाही.

मागच्या बाजू मिळणार नाहीत. माझं नाव खेळातून काढून टाका. आणि ती गॅलरी पाडा.

तुझा मामा, निदान अजून तरी,
प्रभाकर


जैनाबाद
२४ ऑक्टोबर २०२५

चि. निरंजन यास,

वरचा पत्ता बघून खूश होऊ नकोस. मी कामासाठी आलोय.

काल भाऊबीज होती. काल आलो नाही, मुद्दाम. काल आलो असतो तर त्याचा भलताच अर्थ निघाला असता. आज सकाळी बोर्ड, सेटस्क्वेअर आणि घाटनगरची फाइल पिशवीत घालून निघालो. म्हटलं, गॅलरीवाल्या पोरांच्या हाती घर देण्यापेक्षा एकदा बघून काढून टाकू, अर्ध्या तासाचं काम. पूल ओलांडताना दोनदा चप्पल झटकायला थांबलो. चपलेत काही नव्हतं.

शारदा ओट्यावर तांदूळ निवडत होती. तुझी आई किती वाळली आहे हे तू मला सांगितलं नाहीस, त्याबद्दल वेगळं बोलू. तिनं मान वर केली आणि जसा काही मी कालच येऊन गेलोय अशा आवाजात म्हणाली, ‘काल काहून नाही आला?’

‘काल काम नव्हतं.’

‘मग आज काय काम निघालं?’

‘घराची मागची बाजू काढायची आहे.’

‘काढ मग. तुझं घर आहे. चाय ठेवते.’

मी परसात गेलो. गॅलरी अर्थातच नाही. मागचं दार, त्याच्या बाजूला धुण्याचा दगड, पेरू, आणि दाराच्या डाव्या हाताला आईच्या वेळचा कोनाडा. मी दगडावर बसलो, कागद लावला, उभ्या रेषा घेतल्या. कोनाड्यापाशी आलो तर त्यात पणतीची काजळी होती आणि कोनाड्याखाली भिंतीला कुंकवाचे टिळे. एका रांगेत सहा. पहिले दोन पावसानं विटलेले, शेवटचा ताजा, त्याला अजून तांदळाचे दोन दाणे चिकटलेले.

शारदा कप घेऊन आली. मी विचारलं, हे काय.

‘भाऊबीजेचे. ज्याचा भाऊ नाही येत, ते चंद्राला ओवाळतात ना रे. इथूनच दिसतो तो, पेरूच्या वरून. आता त्याला टिळा कसा लावू, तो थोडीच खाली येतो. म्हणून भिंतीला लावते.’

निरंजन, मला संताप आला. मी म्हणालो, ‘मी जिवंत असताना तू चंद्राला ओवाळलंस?’

‘तू जिवंत आहे ते तर रोज दिसतं मला,’ ती म्हणाली. ‘पायरीवर काळी छत्री लावून बसतो. छत्री दिसली की मी समजते, बरा आहे. मागच्या साली आठ दिवस नव्हती, तर मी निरंजनला फोन लावला, का बघ मामाला काय झालं.’

मागच्या साली मला ताप आला होता. आणि तू फोन करून ‘सहज केला मामा’ म्हणाला होतास.

आता जे पहिल्या पत्रात लिहीत बसणार नव्हतो ते लिहितो. तुझे वडील गेल्यावर तुझी आई तुझ्याकडे बघून दिवस काढत होती. तू कारखान्यातली नोकरी सोडून खेळ बनवायला पुण्याला निघालास तेव्हा ती मला म्हणाली, ‘तुझ्या पट्ट्या-पेन्सिलींनी माझं पोरगं माझ्यापासून तोडलं.’ त्यावर मी काय बोललो ते तू ओट्यावर उभा राहून ऐकलं आहेस. ‘तुला पोरगं कधी समजलंच नाही, ह्या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही,’ असं मी म्हणालो. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. तुला पाठवलं मीच. आणि तू गेल्यावर ज्या माणसानं रोज इकडे यायला हवं होतं तो समोरच्या काठावर बसून हे घर काढत राहिला, आणि स्वतःला सांगत राहिला की आपण ड्रॉइंग करतोय. मी चुकलो. सहा वर्षं चुकत राहिलो, रोज संध्याकाळी पाच वाजता.

आणि तूही कमी नाहीस. तुला एकशे बेचाळीस इमारतींच्या मागच्या बाजू नकोच होत्या. तुला एकाच घराची हवी होती. ती गॅलरी त्या पोरांनी नाही, तू लावलीस, मी चिडून इथे यावं म्हणून. रंगीत काचासुद्धा. मामाला असं खेळवतोस? मी तुझ्यावर रागावलेलो आहे हे ह्या पत्रात ठळक अक्षरात वाच.

चहा पिताना शारदानं फाइल उघडली. तिनं घाटनगर कधी पाहिलंच नव्हतं. तिच्या जुन्या फोनवर ते चालत नाही. पानं उलटत आपल्या घराशी थांबली.

‘एवढं मोठं? घाटावरून तर टीचभर दिसत असेल.’

मी सांगितलं की ह्या पद्धतीत लांबचं लहान होत नाही. जवळच्या घराचं जे माप तेच नदीपलीकडच्या घराचं.

‘असं?’ ती म्हणाली. चित्रावरून हात फिरवला. ‘मग येत काहून नव्हता?’

मी पेन्सिलीला टोक करत बसलो. ती आत जाऊन तबक घेऊन आली, कालचंच, निरांजनात नवी वात घालून. आज तीज आहे, भाऊबीज काल झाली, असं मी म्हणालो तर म्हणाली, ‘गप बस, हलू नको.’ मी धुण्याच्या दगडावर बसलेलोच होतो. तिथेच ओवाळलं. ओवाळणीत घालायला खिशात काही नव्हतं, कारण मी कामासाठी आलो होतो. सेटस्क्वेअर घातला. ती हसली, मग पदर डोळ्यांना लावला, मग म्हणाली संध्याकाळी जेवून जा.

घराची मागची बाजू सोबत पाठवतोय. मापं बरोबर आहेत, भिंतीवर हात लावून घेतली आहेत. कोनाडा काढलाय. त्याखालचे सहा टिळेही काढलेत, ते जसेच्या तसे ठेवायचे, कोणी खेळणाऱ्यानं हे काय म्हणून विचारलं तरी सांगायचं नाही. बाकीच्या एकशे एकेचाळीस मागच्या बाजू यायला वेळ लागेल. प्रत्येक घराच्या मागे जाऊन बघायचं आहे. तुझी तारीख पुढे ढकल.

थ्रीडी मला अजूनही आवडलेलं नाही. जुना सपाट घाटनगरही सोबत ठेवायचा, ज्याला हवा त्याला तो खेळता आला पाहिजे, ह्या अटीवरच माझं नाव राहील. पण कोठाराच्या मागे उभं असलेलं माणूस दिसत नाही, ही त्या पोराची तक्रार बरोबर आहे. त्याला तसं कळव.

आणि तू घरी ये. तुझी आई खिडकीतून घाटाकडे बघते, आणि उद्यापासून पाच वाजता पायरीवर छत्री दिसणार नाही. तिला काळजी वाटायचं कारण नाही. मी इथेच असेन.

तुझा मामा आणि शारदाचा भाऊ,
प्रभाकर