हिचे कान आणि तुझी फुलं

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या आणि आता पुरत्या थकलेल्या भावाचा साष्टांग नमस्कार (कंबरेमुळे साष्टांग हल्ली कागदावरच जमतो). तुझा गुडघा काय म्हणतो? दाजींचा खोकला गेला, की अजून ते औषधाच्या बाटलीचा नुसता वास घेऊन ती परत फळीवर ठेवतात? आमच्याकडे सगळं क्षेमकुशल आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. पण हिचे कान कुशल नाहीत, आणि हिचे कान कुशल नसले की या घरात बाकीच्यांनी कुशल असायची सोय नाही.

मागच्या फोनवर लेकीच्या लग्नाचं सगळं बोलून झाल्यावर तू जाता जाता म्हणालीस, ‘आणि बायकोला म्हणावं, माझी फुलं घाल कानात, चार लोकांत दिसू देत.’ तू फोन ठेवलास आणि मोकळी झालीस. मी मात्र तेव्हापासून धातूंचा अभ्यास करतो आहे. आमच्या लग्नात तू हिच्या कानात स्वतःच्या हाताने घातलेली ती सोन्याची फुलं हिला सोसत नाहीत, हे तुला ठाऊकच आहे. सकाळी घातली की संध्याकाळी कानाच्या पाळ्या टोमॅटोसारख्या होतात आणि दुसऱ्या दिवशी चिघळतात. तू याला नखरे म्हणतेस. मी विमा कचेरीत लोकांच्या नुकसानीचे दावे तपासतो, त्यामुळे मी पुराव्याअभावी इतकी वर्षं काहीच म्हणत नव्हतो. तरी तू मुक्कामाला आलीस की ही फुलं घालते आणि तू स्टेशनवर पोचायच्या आत काढून कानाला मलम लावते. या वेळी मात्र त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं आहे, की उजवी पाळी पुन्हा चिघळली तर भोक फाटेल आणि टाके घालावे लागतील. म्हणजे लेकीच्या लग्नात हिने कान धरून बसायचं, आणि तेही काही चूक न करता.

बाईंनी आधी हिच्या पाठीवर निरनिराळ्या पदार्थांच्या पट्ट्या चिकटवल्या. त्या निघेपर्यंत पाठीला पाणी लावायचं नाही, घाम येऊ द्यायचा नाही आणि पाठ टेकायची नाही. ही दिवसभर पडदे शिवते, म्हणजे घाम तर येणारच. मग मी मागे उभा राहून वर्तमानपत्राने वारा घालत होतो (ते वर्तमानपत्र मी अजून वाचलेलं नाही). पट्ट्या निघाल्या तेव्हा सगळी पाठ स्वच्छ होती आणि एकाच पट्टीखाली लालभडक चौकोन होता. निकेल. हा धातू स्वतःच्या नावाने कुठेच येत नाही. दुसऱ्यांच्या मुलाम्याखाली दडून राहतो आणि कातडीला घाम सुटला की हळूच बाहेर पडतो. आपल्या नात्यात असा एक माणूस आहे, पण नाव लिहीत नाही, दाजी पत्र वाचतात.

मग खरेदी. चांदी घ्यावी म्हणून मी मोठ्या हौसेने जर्मन सिल्व्हरची जोडी आणली. त्यात चांदी औषधालाही नसते, असतं ते निकेल, हे मला दुसऱ्या दिवशी हिच्या कानांनी सांगितलं. मग पांढरं सोनं पाहिलं. ते पांढरं व्हावं म्हणून त्यात पुष्कळदा हाच प्राणी घालतात, म्हणजे आगीतून फुफाट्यात. मग एका दुकानदाराने शस्त्रक्रियेच्या हत्यारांचं स्टील दाखवलं. त्यातही निकेल असतं, पण ते म्हणे घट्ट धरलेलं असतं आणि सहसा सुटत नाही. ‘सहसा’ हा शब्द ऐकला की विम्याचा माणूस पाकीट परत खिशात ठेवतो. शेजारणीने फुकटचा उपाय सांगितला, की कानातल्याच्या दांडीला बिनरंगी नेलपॉलिश लाव. लावलं. ते दुपारपर्यंत टिकलं आणि नंतर त्याचे पापुद्रे भोकात अडकून बसले. ते मी चष्मा लावून चिमट्याने काढत होतो आणि ही मला माहेरच्या शब्दांत बोलत होती.

शेवटी बाईंनी एक छोटी बाटली दिली. कापसाच्या काडीवर तिचा थेंब घ्यायचा, वस्तूवर घासायचा, आणि काडी गुलाबी झाली तर समजायचं की निकेल आहे. ताई, ही बाटली माझ्या हातात द्यायला नको होती. किल्ल्या गुलाबी, कात्री गुलाबी, माझ्या पट्ट्याचं बक्कल गुलाबी (पोटावर इतकी वर्षं येणारी खाज मी भावनिक समजत होतो). हिचं शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान तर असं गुलाबी झालं, की हिच्या मधल्या बोटावरच्या जुन्या खवड्याचा दावा तिथल्या तिथे निकालात निघाला. कचेरीत मी साहेबांच्या घड्याळावर काडी घासली, तेव्हा ते त्यांच्या मनगटावर होतं. दागिन्यांच्या दुकानात मी तीन ट्रे तपासले आणि चौथ्याला हात घातल्यावर मालकाने मला खांद्याला धरून बाहेर पायरीवर आणून ठेवलं. माझी काडी मात्र आतच राहिली, गुलाबी.

सरतेशेवटी टायटॅनियमची जोडी मिळाली. रंगाने राखाडी, वजनाला काहीच नाही, दिसायला सायकलच्या सुट्या भागासारखी, पण काडी पांढरी ती पांढरीच. हिने ती आठवडाभर घातली आणि कानाला काही झालं नाही. मी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यावर ही म्हणाली, छान आहेत, घरात घालीन, पण लग्नात मी वन्संचीच फुलं घालणार. मी डॉक्टरीणबाईंच्या टाक्यांची आठवण करून दिली. हिने मशीन चालू केलं आणि ही पडदा शिवत बसली. तुला कळावं म्हणून लिहितो, तुझ्या फुलांवर कुणाचाही संशय नाही. ती बावीस कॅरेटची, त्यामुळे त्यांना काडी लावायचा प्रश्नच नव्हता. चोख सोन्याने सहसा काही होत नाही असं बाई म्हणाल्या, तेव्हा मी मान हलवली आणि त्यांना फी विचारली. दोष सगळा हिच्या कातडीचा. असो. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, आमच्याकडे कानाचं झालं आहे, एवढंच.

दाजींना नमस्कार. लग्नाच्या आधी चार दिवस ये, तुझ्याशिवाय इथे कुणी कुणाचं ऐकत नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. प्रश्न आला होता. ही बाजारात गेली असताना मी तुझ्या फुलांना काडी लावली. फक्त दांडीला लावायची म्हणून लावली, मग पेचाला, मग पाकळीच्या मागे, जिथे रंग थोडा उडाला आहे. ताई, अंगुस्तानसुद्धा इतकं गुलाबी नव्हतं. तू फसलीस, की तुला ठाऊक होतं, हे मी विचारत नाही आणि तूही सांगू नकोस.

आणखी एक. मी काडी हिच्यापासून लपवायला गेलो आणि पकडला गेलो. मला वाटलं हिला धक्का बसेल. ही म्हणाली, नुसता मुलामा आहे हे मला लग्नानंतर लगेच कळलं होतं, उजळायला नेली तेव्हाच सोनाराने सांगितलं. मग इतकी वर्षं कान का सडवून घेतलेस, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं. तेव्हा म्हणाली, ‘वन्संनी माझ्या कानात फुलं घातली ना, त्या दिवशी त्यांचे स्वतःचे कान मोकळे होते. तुम्हा भावंडांत कुणाला दिसलं नाही. मला दिसलं.’ त्या वर्षी घर तुझ्या एकटीच्या पगारावर चाललं होतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. हे तुला कळवायचं नाही अशी मला शपथ घातली आहे, म्हणून मुख्य पत्रात लिहिलेलं नाही.

आणि शेवटचं, ज्यासाठी एवढा कागद खर्ची घातला. ही माझं ऐकणार नाही, डॉक्टरांचं ऐकत नाही. कान सोनारानेच टोचावे लागतात. तेव्हा आलीस की दारातच, चपला काढायच्या आधी, तुझ्या त्या आवाजात हिला झाड, की हे काय जुनाट कानात घालून मिरवतेस, लग्नघरात शोभतं का, काढ आधी. टायटॅनियमची जोडी माझ्या खिशात असेल. फक्त रागावशील ती नेहमीसारखी रागाव. जरा जरी मऊ बोललीस, तर हिला सगळं कळेल.